अकरा की चौदा

वार्षिक अंक वाचनालयाच्या टेबलावर ठेवला
की आठवड्याभरात पहिलं पत्र येतं.
निळी शाई, गणिताच्या वहीचा कागद,
आणि ठरलेली सुरुवात:
"संपादकांस नमस्कार. मॅलकी टिमनींचा लेख वाचला.
पान सत्तावीस. चूक."
सही: अ‍ॅट्रॅक्टा मल्व्ही.

लीट्रिममधल्या आमच्या या गावात
दुकानं पाच, पब तीन,
आणि इतिहासकार घरटी एक.

वाद अठराशे अठ्ठेचाळीसचा.
बटाटा कुजू लागल्याला चौथं वर्ष,
मार्चमधली सकाळ,
जमीनदाराची माणसं, पहारी, दोर,
आणि ड्रमकीलच्या उतारावरची घरं.
छपरं ओढून पाडली. इथवर सगळ्यांना मान्य.
मॅलकी म्हणायचा, अकरा. इस्टेटीच्या वहीत अकरा आहेत.
अ‍ॅट्रॅक्टा म्हणायची, चौदा.
तिची आजी विस्तवापाशी बसून नावं घ्यायची,
दोन्ही हातांची बोटं संपली
की मांडीवरच्या नातीची चार घ्यायची.

"वही कुणाची?" तिने एका वर्षी लिहिलं.
"पाडणाऱ्याची. तो कशाला खरं मोजेल?"
आमच्याकडे उत्तराला वर्ष लागतं.
पुढच्या अंकात मॅलकी:
"पाडणाऱ्याला घरामागे पैसे मिळायचे.
तो कशाला कमी मोजेल?"

मग ओहायोतल्या एका निवृत्त दंतवैद्याने कळवलं
की त्याचे पूर्वज पंधराव्या घरातले.
फादर कॉनलेथनी लिहिलं, आकडे सोडा, प्रार्थना करा.
त्यांना मात्र दोघांनी मिळून झोडपलं,
एकाच पानावर, शेजारी शेजारी.

एकोणीस वर्षं मी हे छापत आले.

मध्ये एकदा बेकरीवाल्या पोलिश बाईच्या मुलीने,
किंगाने, बारा वर्षांची असेल,
वहीचं पान फाडून विचारलं होतं:
घरं किती ते कळलं,
पण पहारी कुणाच्या हातात होत्या?
त्यांची नावं पण असतील ना?
मी छापलं.
त्या वर्षी एकही पत्र आलं नाही.
ताकाला आलेल्या सगळ्यांनी
आपापली भांडी पाठीमागे धरली.
मीसुद्धा. माझ्या आईचं माहेर
इस्टेटीच्या फाटकालगतचं.

नोव्हेंबरात मॅलकी गेला.
त्याच्या बहिणीने एक पाकीट आणून दिलं,
माझ्या नावाचं, तिकीट लावलेलं, टाकायचं राहिलेलं.
"संपादकांस: ऑगस्टमध्ये पुन्हा जाऊन पाहिलं.
नेचे कापले. पाये चौदा आहेत.
वरच्या अंगाचे तीन वहीत नाहीत,
पोटभाडेकरूंना त्यांनी घर धरलंच नसावं.
मल्व्हीबाईंना तसं कळवावं."

मी तसं कळवलं.
ती वाचनालयात आली, ओला कोट न काढता
पत्र दोनदा वाचलं,
चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
"हे छापू नकोस."
अगं, पण तू जिंकलीस, मी म्हटलं.

"जूनमध्ये मीही गेले होते," ती म्हणाली.
"बारा सापडली. खूप शोधलं, बाराच.
तुला लिहिलं नाही."

खिडकीबाहेर शाळेची बस येऊन गेली.
"म्हणजे त्याला मला न दिसलेली दोन दिसली,
नाहीतर
मरायच्या आधी मला चौदा देऊन टाकायची होती त्याला.
तसलं दान मला नको.
मॅलकी टिमनी आयुष्यात कधी खोटं मोजला नाही,
चुकीचं मोजला."

मी कागद पुढे सरकवला.
तिने लिहिलं: "संपादकांस नमस्कार.
मॅलकी टिमनींचं पत्र वाचलं."
पेन तिथेच टेकवून ठेवलं,
निळा ठिपका पसरत गेला.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं,
मला नाहीच बहुतेक:
"त्या गुडघ्याने
तो तिथे चढला कसा?
कोयता घेऊन, एकटा?"